नागपुरातल्या कॉलेजच्या मुलांकडून १० विधानांची व्यक्तिमत्त्व प्रश्नावली (टीआयपीआय) भरून घेतली आहे. ती व्यक्तिमत्त्वाचे पाच गुण मोजते आणि दर गुणाला दोनच विधानं आहेत, मग कोणतं मॉडेल लावावं?

पाचही गुण एकमेकांशी जोडलेले ठेवून एकच सीएफए (कोणती विधानं कोणता गुण मोजतात हा आधी मांडलेला आराखडा उत्तरांशी जुळतो का, ते तपासणारी पद्धत) चालवा; दर गुणाचं वेगळं मॉडेल बसवायला जाऊ नका, ते सुटणारच नाही. हिशेब साधा आहे: दोन विधानांतून आकडे मिळतात तीन (दोन व्हेरियन्स, म्हणजे प्रत्येक विधानाच्या उत्तरांतला फरक, आणि एक कोव्हेरियन्स, म्हणजे दोन्हींची उत्तरं किती एकत्र बदलतात ते) आणि काढायचे असतात चार (दोन लोडिंग, म्हणजे विधान गुणाशी किती जोडलेलं आहे ते, आणि दोन विधानांच्या त्रुटी). पाच गुण एकत्र घेतले की ५५ आकड्यांतून ३० काढायचे, म्हणजे २५ डिग्री ऑफ फ्रीडम (मॉडेल तपासायला शिल्लक राहणारे आकडे) उरतात. मात्र एखाद्या गुणाचा बाकी चारांशी संबंध जवळपास शून्य निघाला तर तिथे गाडी पुन्हा अडते. मग त्याच्या दोन्ही विधानांचं लोडिंग समान धरा. त्याआधी उलट अर्थाच्या विधानांचे मार्क उलटे करून घेतलेत ना, ते तपासा. निम्मे घोळ तिथेच असतात!

अल्फा (एका गुणाची विधानं आपसात किती जुळतात त्याचा आकडा) कमी आला म्हणून गाईडपुढे ओशाळू नका. २००३ मध्ये ही प्रश्नावली करणाऱ्यांनी गुणाचा पसारा झाकायला विधानं मुद्दाम वेगवेगळी घेतली, त्यामुळे तो कमीच येतो. त्याऐवजी स्पिअरमन-ब्राउन (दोन विधानांसाठी वापरतात तो विश्वासार्हतेचा आकडा) द्या, आणि जमलं तर काही आठवड्यांनी त्याच मुलांकडून पुन्हा भरून घ्या.