जहाजावर कामाला निघताना बॅगेत काय भराल?

या खेपेची बहुतेक पत्रे सामानाबद्दलची आहेत. नाशिकमधून मर्चंट नेव्हीत जाणारी मुले वाढताहेत, पण घरात आधी कोणी बोटीवर गेलेले नसते, त्यामुळे बॅग भरताना सगळे घर अंदाजावर चालते. माझी नोकरी इंजिनरूममधली. त्या अनुभवावरून उत्तरे देतो आहे.

प्रश्न : मुलगा डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून पहिल्यांदाच जहाजावर चालला आहे. दोन मोठ्या सुटकेस भरून झाल्या, तरी काहीतरी राहिलंय असं वाटतं. आणखी काय द्यावं? – एक आई, इंदिरानगर

ताई, आता द्यायचे काही नाही, काढायचे आहे. बॉयलर सूट (अंगभर एकसंध कामाचा पोशाख), सेफ्टी शूज, हेल्मेट, हातमोजे हे कंपनीने द्यायचे असते आणि त्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नसतात. चादर, उशी, टॉवेलही बहुतेक जहाजांवर मिळतात. निघण्यापूर्वी कंपनीला बुटाचे आणि बॉयलर सुटाचे माप मात्र नक्की कळवा. मापाबाहेरचे बूट घालून शिडी चढणे धोक्याचे असते.

सोबत द्यायचे ते असे, की जे त्याच्याच अंगाला लागते आणि समुद्रात दुसऱ्या कोणाकडून मागता येत नाही. सुती बनियन आणि अंडरवेअर भरपूर द्या. इंजिनरूममध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि नायलॉनचे कपडे आगीत वितळून कातडीला चिकटतात. जाड सुती मोजे, साबण, दाढीचे सामान, बंदरात उतरायला दोन जोड साधे कपडे, एक नीटनेटका शर्ट-पँट, एवढे पुरते.

सुटकेसऐवजी मऊ डफल बॅग आणि पाठीवरची सॅक घ्या. जहाज धक्क्याला नसेल, बाहेर नांगरावर उभे असेल, तर लाँचने, म्हणजे छोट्या बोटीने जाऊन दोरीच्या शिडीने वर चढावे लागते. तेव्हा दोन्ही हात मोकळे हवेत. मोठी बॅग वरून दोर सोडून ओढून घेतात.

कागदपत्रे कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचे ओळख-नोंद पुस्तक), एसटीसीडब्ल्यूची (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारची) सर्टिफिकेट, मेडिकल फिटनेसचा दाखला, यलो फीव्हरचे कार्ड हे सगळे मूळ प्रतींसह हातातल्या सॅकमध्ये, आणि झेरॉक्सचा एक संच घरी ठेवा. यलो फीव्हरची लस टोचल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य धरतात, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ती अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. २०१६ पासून ते कार्ड आयुष्यभर चालते.

आणि एक, सामानाशी संबंध नसलेले पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोकरी लावून देण्यासाठी कोणी लाखांत पैसे मागत असेल तर बॅग भरणे थांबवा. परवानाधारक भरती एजन्सीला खलाशाकडून नोकरीसाठी फी घेण्याची मुभा नाही. एजन्सीचा आरपीएसएल (खलाशी भरतीच्या परवान्याचा) क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या यादीत स्वतः तपासा.

प्रश्न : सोबत घरचं काय खायला देता येईल? गोडा मसाला, लाडू, चिवडा चालेल का? – तिडके कॉलनी

चिवडा, चटण्या, मेतकूट, घट्ट झाकणाचे लोणचे चालते. परदेशी कुकच्या हातचे महिनोन्महिने जेवताना या डब्यांचा मोठा आधार असतो. पण खसखस एक दाणाही नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि दुबईमार्गे जाणाऱ्याला ती सापडली तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकते. आपल्या गोड्या मसाल्यात आणि अनारशांवर ती असते, हे बांधताना लक्षात राहत नाही. मसाला खसखस न घालता वेगळा करा. ऑस्ट्रेलियाला उतरणार असाल तर बॅगेतला प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जावर लिहा. लपवला तर दंड होतो.

हाच नियम औषधांना. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल आखातात नियंत्रित आहेत. रोजच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, करारापेक्षा महिनाभर जास्तीच्या न्या. बीपी किंवा साखर असेल तर मेडिकलच्या डॉक्टरांपासून लपवू नका.

प्रश्न : मी अंबडच्या कारखान्यात पॅनेलचं काम करतो. टँकरवर जनरेटरच्या कंट्रोल पॅनेलच्या दुरुस्तीसाठी दोन आठवडे जायचं आहे. कुठली हत्यारं नेऊ?

सर्वांत आधी जहाजाच्या एजंटला विचारा, की तुम्हाला तिथल्या स्टोअरमधून काय मिळेल. पाने, ड्रिल, ग्राइंडर जहाजावर असतात. तुमचा हात बसलेला स्क्रूड्रायव्हर संच, क्रिम्पिंग टूल, लॅपटॉप आणि त्या पॅनेलची केबल मात्र तिथे सापडणार नाही.

मल्टीमीटर कॅट-३ (सुरक्षेची श्रेणी), ६०० व्होल्ट किंवा त्याहून वरचा घ्या, कारण जहाजावर सहसा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. आणि कारखान्यातली एक सवय धक्क्यावरच सोडा. बहुतेक जहाजांवर न्यूट्रल जमिनीला, म्हणजे जहाजाच्या सांगाड्याला, जोडलेला नसतो. २२० व्होल्टच्या सॉकेटमध्ये टेस्टर दोन्ही भोकांत पेटू शकतो. एक तार तोडली म्हणजे सर्किट मेले असे समजू नका. दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडा, मीटरने तपासा, बंद स्विचला लॉक लावा आणि इलेक्ट्रिकल ऑफिसरची परवानगी लेखी घ्या.

टँकरच्या डेकवर साधा मोबाइल आणि साधी टॉर्च नेता येत नाही. त्यासाठी स्फोटरोधक टॉर्च जहाजावरच मिळते. कॉर्डलेस ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या विमानात चेक-इन बॅगेत चालत नाहीत. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवर भरते, म्हणजे १०० च्या सर्वसाधारण मर्यादेत बसते, तरी तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारा. धारदार हत्यारे उलट चेक-इनमध्येच टाका आणि सगळ्यांची यादी सिरियल नंबरसह सोबत ठेवा. कस्टममध्ये तीच कामाला येते.

लग्नाची अंगठी, हातातले कडे, गळ्यातली साखळी घरी ठेवून जा. चढता-उतरता अंगठी कुठे अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते आणि समुद्रात शस्त्रक्रियेची सोय नसते.

प्रश्न : मी मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. नमुने गोळा करायला रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून ट्रॉलरवर (जाळे ओढणाऱ्या मासेमारी बोटीवर) काही दिवस जायचं आहे. ट्रेकिंगचं सामान चालेल का?

थोडे चालेल. हेडलॅम्प आणि पाणी न शिरणारी पिशवी उत्तम. ट्रेकिंगचे बूट नकोत. ओल्या, माशांच्या चिकट डेकवर रबरी तळव्याचे गमबूट लागतात, अर्धे माप मोठे, म्हणजे पाण्यात पडलीस तर झटकन काढता येतील. पावसाळी जाकीट आणि पँट वेगवेगळी घे. पोंचो विंचच्या (जाळे ओढणाऱ्या यंत्राच्या) दोरात अडकतो. नोंदींसाठी पेन्सिल वापर, पेनाची शाई ओलीने पसरते.

लाइफजॅकेट स्वतःचे, तुझ्या वजनाचे ने. बोटीवरची जॅकेटे कुठे ठेवलीत आणि वायरलेस सेट व संकटसंदेश यंत्र चालू आहे का, हे निघण्याआधी तांडेलला (बोटीच्या प्रमुखाला) विचार. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलला रेंज नसते.

तू लिहायला संकोचली असशील ते मी लिहितो. लहान ट्रॉलरवर बहुधा शौचालय नसते आणि झोपायची जागा एकच असते. आडोशाची काय सोय आहे हे तुझ्या गाइडने बोटमालकाशी आधी बोलून ठरवावे. सोय होत नसेल तर मोठी बोट मागणे किंवा पहाटे निघून संध्याकाळी परतणाऱ्या बोटीवर नमुने घेणे, हा तुझा हक्क आहे. सोबत दुसरी विद्यार्थिनी असली तर उत्तमच. सॅनिटरी पॅड आणि वापरलेल्यांसाठी घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या घे.

बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. तिने गुंगी येते, म्हणून एकदा नाशिकला घरीच घेऊन बघ, आणि डॉक्टरांना विचारूनच. बोटीवर मध्यभागी, मोकळ्या हवेत उभी राहा आणि नजर क्षितिजावर ठेव.

प्रश्न : चष्मा आहे. लेन्स नेऊ का? – सिडको

इंजिनरूमच्या तेलकट वाफेत आणि डेकवरच्या खाऱ्या वाऱ्यात लेन्सचा त्रास होतो. चष्म्याचे दोन जोड न्या, दुसरा हातातल्या सॅकमध्ये ठेवा.

प्रश्न : निफाडची थंडी सोसली आहे. उत्तर युरोपला जाताना जास्त कपडे लागतील का?

लागतील. डेकवर ओला वारा असतो आणि त्यात निफाडचा कोरडा गारठा मोजमापाला धरता येत नाही. जाड जाकीट सहसा कंपनी देते, पण आतले तुमचे : थर्मलचे दोन जोड, लोकरीचे मोजे, कान झाकणारी, हेल्मेटखाली बसेल अशी पातळ टोपी. मफलर घेऊ नका, फिरत्या यंत्राजवळ तो गळ्याला फास ठरू शकतो. गळ्यासाठी बिनटोकाचा नेक-वॉर्मर घ्या.