समन्स आले म्हणून लगेच गुन्हा कबूल करू नका

मे २०२४ मध्ये बेळगावजवळील मुतगे येथील एका लग्नाच्या वरातीवर आपण ड्रोन उडवला. पोलिसांनी तो जप्त करून तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ३३६ (बेपर्वाईने इतरांचा जीव धोक्यात आणणे) आणि तेव्हाचा विमान कायदा, १९३४ यांखाली गुन्हा नोंदवला. आता न्यायालयाचे समन्स आल्यावर, कबुली देऊन दंड भरा आणि मोकळे व्हा, असे आपल्याला सांगितले जात आहे. सांबरा विमानतळ परिसरातील छायाचित्रकारांकडून असेच प्रश्न वारंवार येत असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

कबुली देऊ नका. सारे प्रकरण विमान कायद्याच्या कलम १२-ब वर उभे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालकांसारख्या, त्या कलमात नमूद केलेल्या अधिकाऱ्याने स्वतः तक्रार केल्याशिवाय किंवा लेखी पूर्वमंजुरी दिल्याशिवाय कोणत्याही न्यायालयाला या कायद्याखालील गुन्ह्याची दखल घेता येत नाही, म्हणजे खटलाच चालवायला घेता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये झारखंडमधील देवघर विमानतळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: पोलिसांनी तपासात गोळा केलेले साहित्य अधिकृत अधिकाऱ्याकडे पाठवावे आणि तक्रार करायची की नाही, हे त्या अधिकाऱ्याने ठरवावे. म्हणून दोषारोपपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि मंजुरीचे पत्र सोबत आहे का, असल्यास त्यावरील तारीख दखल घेतल्याच्या आधीची आहे का, एवढेच पाहा. पत्र नसेल, तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात विमान कायद्याखालील कारवाई रद्द करून घेण्यास भक्कम आधार आहे. एकदा कबुली नोंदली गेली आणि शिक्षा झाली, की हा मुद्दा हातातून जवळजवळ गेलाच म्हणून समजा.

कलम ३३६ चे काय होईल, हे कागद न पाहता सांगता येणार नाही. त्या कलमाखाली दखल घेण्यासाठी एक वर्षाची मुदत असते; मात्र उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असल्याने केवळ त्यावर विसंबू नये.

कन्नडमधील महजर (पंचनामा) कोणाकडून वाचून न घेता आपण त्यावर सही केलीत, हे मला मुळीच पटलेले नाही. आपल्या भागात कितीजणांना सांगून झाले! पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही, परंतु ड्रोन कोठून उडवला याची महजरातील नोंद पुढे अडचणीची ठरू शकते.

तांत्रिक मुद्द्यावर सुटका झाली, तरी आपले कृत्य किरकोळ ठरत नाही. तीन अंशांच्या उतारावरून येणारे विमान, धावपट्टीला टेकण्याच्या जागेपासून सव्वादोन किलोमीटरवर असताना जमिनीपासून जेमतेम १२० मीटर उंच असते आणि वरातीचे चित्रण करणारा ड्रोन सहज तेवढ्या उंचीवर जातो. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही परवानगीशिवाय ६० मीटरच्या वर जाता येत नाही. मुतगे तर त्याहून कितीतरी जवळ आहे. उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहणे बंधनकारक असताना आपण तो उघडलाही नाही.

दोन पावसाळे पोलीस ठाण्यात पडून राहिलेल्या ड्रोनची बॅटरी आता शिल्लक असेल, असे वाटत नाही. जप्त वस्तू ठाण्यात कुजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. तरी अर्ज केल्याशिवाय कोणी हलत नाही. खरेदीचे बिल जोडून पुढच्या तारखेलाच ताब्यासाठी अर्ज द्या. ड्रोन परत मिळाला, तर नोंदणी क्रमांक आणि वैमानिक प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तो उडवू नका, कारण २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने पैसे घेऊन चित्रण करणाऱ्याला त्यातून सूट नाही.