विमानतळावरील झडतीला आणि चेहऱ्याच्या नोंदीला प्रवासी नकार देऊ शकतो का?

गोव्यातील मोपा विमानतळावर बॅग उघडून दाखवण्यास आणि प्रवेशद्वारावर चेहरा टिपू देण्यास नकार देता येतो का, असे तुम्ही विचारले आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत. त्यांची गल्लत होते, म्हणून हट्ट धरू नये तिथे आपण तो धरतो आणि धरायला हवा तिथे मुकाट्याने पुढे सरकतो.

झडती टाळता येत नाही. दाबोळी असो वा मोपा, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार तपासणी करतात आणि ती नाकारणाऱ्याला विमानात चढता येत नाही. मात्र तपासणीचा हेतू शस्त्रे, स्फोटके आणि ज्वालाग्राही पदार्थ शोधणे एवढाच आहे. फोन चालू करून दाखवा असे सांगणे त्यात बसते, पण फोनमधील छायाचित्रे आणि संदेश चाळणे बसत नाही.

झडती कशी घेतली जाते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईच्या पोटाला मलविसर्जनाची पिशवी लावलेली असते. एका विमानतळावर पडद्याआड तिची तपासणी करणाऱ्या महिला कर्मचाऱ्याच्या हाताला ती लागली आणि "ये क्या है?" हा प्रश्न बाहेरच्या रांगेतील प्रत्येकाला ऐकू गेला. आई काही बोलली नाही. पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. तेव्हापासून मी रांगेत शिरण्यापूर्वीच डॉक्टरांचे पत्र दाखवतो आणि वेगळ्या खोलीची मागणी करतो. ती आजवर कोणी नाकारलेली नाही, पण मागितल्याशिवाय कोणी देऊही केलेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, अशी जाहीर तक्रार केली, तेव्हा सुरक्षा दलाने त्यांची क्षमा मागितली. तक्रार करायला संकोचू नये, हे मला त्यावरून पटले.

चेहऱ्याची गोष्ट निराळी आहे. कॅमेऱ्याने चेहरा ओळखून प्रवाशाला आत सोडणारी डिजियात्रा ही सोय डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी येथे सुरू झाली. पुढे दाबोळीलाही आली. ती ऐच्छिक आहे. ओळखपत्र आणि बोर्डिंग पास दाखवून जाण्याची वाट खुलीच असते, त्यामुळे कोणी "इथे कॅमेऱ्यात बघा" म्हणाले तर "हे डिजियात्रासाठी आहे का?" असे विचारावे आणि नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे. माहिती प्रवाशाच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाच्या यंत्रणेतून उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असे सांगितले जाते. तरीही मी ती वापरत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यावर मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि मर्यादा त्या हेतूच्या प्रमाणात हवी, असेही त्यात म्हटले आहे. बॅगेची झडती या कसोटीला उतरते, असे माझे मत आहे. रांग लवकर सरकावी म्हणून सर्वांचे चेहरे नोंदवणे उतरत नाही.

आता आपली बाजू. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते, हे ठाऊक असूनही कितीतरी जण ती मोठ्या बॅगेत टाकतात आणि मग बॅग उघडली म्हणून संतापतात. फेणीचेही तसेच आहे. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेले मद्य चेक-इन सामानातून माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते, पण दुकानातल्या मूळ बंद बाटलीत. पाण्याच्या बाटलीत भरलेल्या घरच्या फेणीला ही मुभा नाही. जुन्या पिशवीच्या कप्प्यात विसरलेले काडतूस सापडले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले आहे, पण तो बचाव न्यायालयात कामी येतो. त्या दिवशीचे विमान त्याने मिळत नाही.

सामान तुम्हीच भरले का, या प्रश्नाला आपण सवयीने "हो" म्हणतो. गेल्या चतुर्थीनंतर म्हापशाच्या मावशींनी पुण्यातल्या मुलीसाठी शिवलेले पुडके माझ्याकडे दिले. त्यांना वाईट वाटेल हे कळत असूनही मी ते त्यांच्यासमोरच उसवले. आत खोबऱ्याच्या वाट्या होत्या. सुक्या खोबऱ्यातले तेल आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते विमानात चालत नाही. मी वाट्या परत केल्या आणि मावशींनी त्या बसने पाठवल्या.