बागेतल्या न्याहारीचे पहिले आमंत्रण

पणजी किंवा मडगावसारख्या शहरात घरामागची बाग लहानच असते, म्हणून पहिल्या वेळी सहा-सात जणांनाच बोलवावे, असे मी आग्रहाने सांगेन. डिसेंबर-जानेवारीतला रविवार निवडा आणि साडेनऊची वेळ द्या, कारण अकरानंतर ऊन चटके देऊ लागते. आदल्या दिवशी त्याच वेळी बागेत उभे राहून सावली कुठवर येते ते पाहून घ्या. माडाची सावली कितीही मोहक वाटली, तरी सुके नारळ आणि झावळ्या उतरवून घेतल्याशिवाय तिथे कोणालाही बसवू नका.

पदार्थ मोजकेच असावेत. पोदेराला, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याला, आदल्या दिवशी सांगून ठेवलेले ताजे पाव व पोई (गव्हाच्या कोंड्याचा गोल पाव), पातळ भाजी, मिरची भजी आणि चहा एवढे पुरते. नारळाचे वाटण घातलेली भाजी उष्म्यात लवकर आंबते. त्यामुळे मोठे पातेले आत मंद आचेवर ठेवावे आणि बाहेर लहान भांड्यातून थोडी थोडी, वाफाळती आणून वाढावी. भजीही पाहुणे बसल्यावरच तळा. कापलेली पपई जाळीखाली झाकून ठेवा, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणणार असाल, तर त्यांनाही आमंत्रण द्यावे.