लग्नासाठी सावकाराला खरेदीखत करून देण्यापूर्वी

प्रश्न : मी मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. वडिलोपार्जित चार एकर जमीन माझ्या नावावर असून आमच्या भागात एकरी साधारण आठ लाखांचा भाव आहे. गावच्या विकास सोसायटीचे दोन लाखांचे पीक कर्ज थकले आहे. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका व्यक्तीकडून दीड लाख रुपये शेकडा तीन रुपये महिना व्याजाने घेतले. व्याज दरमहा देत आलो, मुद्दल तसेच आहे. आता थोरल्या मुलीचे लग्न ठरले असून सुपारी फुटली तेव्हा यादीत चार लाख रोख हुंडा लिहिला गेला. लग्नाचा खर्च दोन लाखांच्या घरात जाईल. तीच व्यक्ती सहा लाख देण्यास तयार आहे, मात्र त्यासाठी दोन एकरांचे खरेदीखत आणि सह्या केलेले दोन कोरे धनादेश मागते. पैसे फिटले की जमीन उलटून देईन, असे तिचे म्हणणे आहे. हे करावे का? त्याऐवजी जमीन विकली, तर मुलगा (वय २१) पुढे हरकत घेऊ शकतो का? आणि माझ्यानंतर हे कर्ज त्याच्या डोक्यावर येईल का?

उत्तर : खरेदीखत करून देऊ नये. बाकीच्या गोष्टींना पर्याय आहेत, त्यांचा विचार सावकाशीने करता येईल, परंतु दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एकदा सही आणि अंगठा झाल्यावर मागे येण्याची वाट फार लांबची असते, म्हणून हे सर्वांत आधी सांगतो.

नोंदणीकृत खरेदीखतात असे लिहिलेले असते की ठरलेली पूर्ण किंमत मिळाली, कब्जा दिला आणि मालकी हक्क खरेदीदाराकडे गेला. ‘उलटून देईन’ हा शब्द त्यात कुठेही नसतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे, विक्रीच्या रूपात केलेला व्यवहार, म्हणजे आपण ज्याला मुदत खरेदी म्हणतो तो, गहाण ठरण्यासाठी परतफेडीनंतर जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. ती वेगळ्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतली, तर फार तर फेरविक्रीचा करार होतो, आणि तो पाळला गेला नाही तर आपल्याला दिवाणी न्यायालयात दावा लावून बसावे लागते. ती नुसती तोंडी राहिली, तर नोंदणीकृत दस्तातील मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा देण्यावर पुराव्याच्या कायद्याने बंधने घातलेली आहेत. त्यांना अपवाद आहेत, पण ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येईल. शिवाय सोळा लाखांची जमीन सहा लाखांपोटी अडकवून त्यावर दरमहा अठरा हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख सोळा हजार रुपये व्याज कोरडवाहू शेतीतून कसे निघेल, हा हिशेब आपण एकदा पत्नी आणि मुलासमोर मांडावा.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ मध्ये अशा फसलेल्या शेतकऱ्यासाठी एक मार्ग आहे. सावकारीच्या ओघात, कर्जाचे तारण म्हणून, खरेदीखताच्या नावाखाली जमीन घेतली गेली असेल, तर याच कायद्याखालील जिल्हा निबंधक चौकशी करून ते हस्तांतरण अवैध ठरवू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. अर्ज मात्र कायद्याने घालून दिलेल्या मुदतीच्या आतील व्यवहाराबाबतच चालतो. ही तरतूद चांगली आहे आणि तिचा उपयोग झालेला आहे, तरीही तिच्या भरवशावर खरेदीखत करून देणे धोक्याचे आहे. चौकशी, अपील आणि त्यानंतर उच्च न्यायालयातील याचिका यांत वर्षे जातात, आणि तोवर जमीन तिसऱ्याच्या नावावर गेली असली, तर गुंता आणखी वाढतो.

कोऱ्या धनादेशांबाबतही तेवढेच सावध राहावे. ‘कोरा दिला होता, रक्कम त्याने भरली’ हा बचाव पुरेसा ठरेल असा अनेकांचा समज असतो. स्वेच्छेने सही करून दिलेल्या धनादेशात रक्कम दुसऱ्याने भरली असली, तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला होता हे कायद्याचे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते आणि धनादेश न वटल्याबद्दल दोष सिद्ध झाल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता जुन्या दीड लाखांकडे येतो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथे आहे आणि तिचा प्रश्न आपण विचारलेला नाही. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. राज्य शासनाने परवानाधारक सावकारांसाठी ठरवलेला कमाल दर शेतकऱ्याच्या तारणी कर्जाला वार्षिक ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के आहे. चक्रवाढ व्याजाला मनाई आहे आणि मुद्दलापेक्षा अधिक रक्कम व्याजापोटी वसूल करण्यासही कायदा मज्जाव करतो. आपण दरमहा साडेचार हजार याप्रमाणे छत्तीस महिने व्याज दिले असेल, तर ते एक लाख बासष्ट हजार होते, म्हणजे मुद्दलाहून अधिक. बारा टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज चोपन्न हजारच झाले असते. त्या व्यक्तीकडे परवाना आहे की नाही, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी विचारावे. परवाना नसेल, तर विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे आणि अशा सावकाराच्या वसुलीच्या दाव्यात न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. मात्र एक अट विसरू नये : ती व्यक्ती सावकारीचा धंदा करते हे दाखवावे लागते. एखाद्याने एकदाच कोणाला पैसे दिले, तर तो धंदा होत नाही. गावातील आणखी कोणी तिच्याकडून व्याजाने पैसे घेतले असतील आणि ते सांगण्यास तयार असतील, तर त्यांचे जबाब उपयोगी पडतील. आपण दिलेल्या रकमांच्या नोंदी, फोनपेचे व्यवहार, बँकेचे उतारे आणि वहीतील टिपणे आजच एकत्र करावीत.

आता यादीकडे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ नुसार हुंडा घेणे जसा गुन्हा आहे, तसा देणेही आहे. दोन्हींना किमान पाच वर्षे कैद आणि किमान पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यांपैकी जो अधिक असेल तो दंड आहे, आणि त्याहून कमी कैद द्यायची झाल्यास न्यायालयाला निकालपत्रात विशेष कारणे नोंदवावी लागतात. नुसती मागणी करणेही कलम ४ खाली गुन्हा आहे. सुपारीच्या वेळी लिहिलेला हुंड्याचा करार कलम ५ प्रमाणे रद्दबातल असतो, म्हणजे ‘शब्द दिला होता’ म्हणून त्या चार लाखांची कायदेशीर जबाबदारी आपल्यावर येत नाही. आपण तक्रार केलीत आणि त्या तक्रारीतील कथनावरून आपल्यावरच खटला होईल अशी भीती वाटत असेल, तर कलम ७ च्या पोटकलम ३ ने पीडित व्यक्तीला त्यापासून संरक्षण दिलेले आहे. ती यादी फाडू नये, तिचे छायाचित्र जवळ ठेवावे. मागणी न होता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीच्या मर्यादेत दिलेल्या भेटवस्तू हुंड्यात मोडत नाहीत, मात्र १९८५ च्या नियमांप्रमाणे त्यांची लेखी यादी करून वधू-वरांच्या सह्या घ्याव्यात आणि मुलीला दिलेल्या सोन्याच्या पावत्या तिच्याच नावाने घ्याव्यात.

आपल्या पत्रात मुलीचे मत कुठेच आलेले नाही, आणि हे मला फार खटकले. ज्या चार लाखांसाठी घरची निम्मी जमीन जाणार आहे, ते देण्यास तिची संमती आहे का, हे आधी तिला विचारावे. त्यानंतर मध्यस्थासमोर वराकडील मंडळींना स्वच्छ सांगावे की लग्न ऐपतीत करून देऊ, हुंडा देणार नाही. ते मान्य नसेल, तर ज्या घरात मुलगी पाठवायची त्या घराविषयी ती माहिती लग्नाआधी मिळाली, हे मी तरी नुकसान मानणार नाही. तडजोड जमल्यास नोंदणी विवाह किंवा सामुदायिक विवाह यांचाही विचार व्हावा. शासनाची शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजना शेतकऱ्यांच्या मुलींसाठी आहे. तिच्या अटी आणि चालू रक्कम जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारावी.

हुंडा वजा केला की आकडे बदलतात. लग्नाला दोन लाख, सोसायटीला दोन लाख, जुन्या मुद्दलाला वादापुरते दीड लाख धरले, तरी साडेपाच लाख होतात, आणि एक एकर रीतसर बाजारभावाने विकला तर ते भागतात, तीन एकर जमीन बोजाविना राहते. मात्र सोसायटीचे कर्ज असेपर्यंत सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा असतो आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे तो फेडल्याशिवाय जमीन हस्तांतरित करण्यास मनाई आहे. सोसायटीला तशा व्यवहारावर आक्षेप घेता येतो, त्यामुळे इसाराच्या रकमेतून आधी सोसायटीचे कर्ज भरून बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घ्यावा, बोजा काढून घ्यावा आणि मगच खरेदीखत करावे.

मुलाच्या हरकतीबाबत : वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मतः हिस्सेदार असतो आणि २००५ च्या सुधारणेनंतर आपल्या मुलीही तितक्याच हिस्सेदार आहेत. तरीही कुटुंबाचा कर्ता कायदेशीर गरजेसाठी एकत्र कुटुंबाची जमीन विकू शकतो, आणि मुलीचे लग्न ही अशी गरज मानली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात, मुलीच्या लग्नाच्या खर्चापोटी कर्त्याने केलेली विक्री मुलाच्या हरकतीनंतरही कायम ठेवली. मुलगा सज्ञान असल्याने त्याची आणि सज्ञान मुलींची खरेदीखतावर संमती म्हणून सही घ्यावी, त्यामुळे वादच उरणार नाही आणि खरेदीदारही निर्धास्त राहील. हुंड्यासाठी विकली असे दाखवून ती ‘कायदेशीर गरज’ म्हणून टिकवणे मात्र कठीण होईल, कारण ती गरज मुळातच बेकायदेशीर ठरते. लग्नाच्या खर्चाच्या बदल्यात मुलीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची कल्पना कोणी सुचवली, तर ती आपण नाकारावी. लग्नाचा खर्च केल्याने तिचा हिस्सा आपोआप संपत नाही.

आपल्या पश्चात कर्जाचे काय, याचे उत्तर दिलासा देणारे आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६(४) नुसार, ९ सप्टेंबर २००५ नंतर वडिलांनी घेतलेले कर्ज केवळ पितृऋण म्हणून मुलाकडून वसूल करता येत नाही. वारसाने जेवढी मालमत्ता घेतली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी त्याच्यावर येते. जमिनीवर बोजा असेल, तर तो जमिनीबरोबर जातो.

वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्य मिळते, त्यामुळे आपली पत्नी किंवा मुलगी स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. ती व्यक्ती वसुलीसाठी घरी येऊन धमकावू लागल्यास तारीख-वेळ टिपून ठेवावी आणि पोलिस ठाण्यात तसेच सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. कर्जदाराला उपद्रव देणे हाही सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे.