गाडीत जाऊन बसू नकोस

प्रिय मुली,

ओहायोत अॅनिमल सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पुढच्या फेरीत व्हेटर्नरी कॉलेजांना अर्ज करायचाय. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मिळाला म्हणून झोप उडालीय. आई म्हणते, ‘तू हळवी आहेस, तुला झेपायचं नाही, फार्मसी बघ.’ तिला कसं पटवू, असं विचारतेस.

सी ग्रेडचं आधी उरकते. बऱ्याच कॉलेजांना पूर्वअटीच्या विषयात सी चालतो. जिथे अर्ज करणार त्या प्रत्येकाची अट नीट वाच आणि बायोकेमिस्ट्रीत चांगली ग्रेड आण. झालं.

मी अडले ते दुसऱ्याच वाक्यापाशी. प्राण्यांच्या क्लिनिकमधल्या अनुभवाच्या तासांचा हिशेब देताना तू ओझरतं लिहून गेलीस: ‘एखाद्या प्राण्याला कायमचं झोपवायचं असलं की मी बाहेर गाडीत जाऊन बसते, डॉक्टर समजून घेतात.’

नाही गं. हे समजून घेण्यासारखं नाही. डॉक्टरांनी ते आजवर चालवून घेतलं याचाही मला राग आलाय.

तू गाडीत असतेस तेव्हा आत काय चालतं ते ऐक. कुत्र्याच्या पुढच्या पायावरचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवतात. बहुतेक वेळा आधी गुंगीचं औषध देतात, मग पेंटोबार्बिटाल, म्हणजे जीव थांबवणारं औषध. मिनिट-दोन मिनिटांत श्वास थांबतो, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. डोळे उघडेच राहतात. कधी सगळं संपल्यावरही श्वास घेतल्यासारखी छाती हलते, लघवी होते. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर मालकाला वाटतं, अजून जीव आहे, आपण काय करून बसलो! म्हणून कुणीतरी त्याच्या शेजारी बसून, सुई टोचायच्या आधी, सावकाश सांगायला हवं. ते सांगणं डॉक्टरचं काम. तेच काम तू मागते आहेस. कधी तर आजार बरा होण्यासारखा असतो आणि मालकाकडे ऑपरेशनचे पैसे नसतात. तेव्हाही त्याच खोलीत उभं राहावं लागतं.

आपल्याकडची मुलं बारावीनंतर ‘नीट’ची प्रवेशपरीक्षा देऊन परळ, नागपूर, शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात थेट साडेपाच वर्षांच्या पदवीला जातात. हे सगळं आधी बघून ठरवायची सवड त्यांच्यातल्या फार थोड्यांना मिळते. तुला ती मिळालीय. तुमच्याकडे डीव्हीएम या प्राण्यांच्या डॉक्टरकीच्या चार वर्षांच्या पदवीआधी एवढी वर्षं हातात असतात. व्हीएमकॅसच्या, म्हणजे व्हेटर्नरी कॉलेजांच्या सामायिक अर्जात डॉक्टरांच्या हाताखालचे तास प्राणी सांभाळल्याच्या तासांपासून वेगळे लिहायला लावतात ते उगाच नाही. शेल्टरमध्ये पिंजरे धुतलेस, पिल्लांना बाटलीनं दूध पाजलंस, ते मनापासून केलंस हे कळतं तुझ्या पत्रातून. पण तुला प्राणी आवडतात हे कॉलेजांना ठाऊकच आहे. अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच ते आवडतात. शिवाय शिफारसपत्र तू याच डॉक्टरांकडून मागणार. अवघड प्रसंगी ही मुलगी कशी वागते, यावर त्यांनी काय लिहावं? त्यांनी तुला तिथे पाहिलेलंच नाही.

आणि आई. तिच्यावर चिडलीयस, पण हे गाडीत जाऊन बसणं तिला सांगितलंयस का? मला वाटतं, नाही. तू हळवी आहेस हे तिचं खरं आहे. त्यामुळे तुला झेपणार नाही, हे मात्र मी मुळीच मानत नाही. त्या खोलीत हळवं माणूसच हवं, फक्त ते खोलीत हवं.

तेव्हा पुढच्या शिफ्टला डॉक्टरांना सांग, ‘यापुढे मी आत थांबेन.’ एवढंच. पहिल्यांदा काहीही करू नकोस, भिंतीला टेकून उभी राहा. रडू आलं तर येऊ दे, तिथे डॉक्टरही रडतात. नंतर टेबल पुसायला मदत कर, मालकाला दारापर्यंत सोड, आणि डॉक्टरांना विचार की आज हाच निर्णय का घेतला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही थांब. अर्जाची मुदत सप्टेंबरच्या मध्यावर संपते, त्याच्या बरंच आधी हे होऊ दे.

त्यानंतरही हेच करायचं असं वाटलं तर आईला फोन कर आणि त्या खोलीत काय पाहिलंस ते तिला सांग. नाहीच वाटलं, तर मला लिही. फार्मसीबद्दल तेव्हा बोलू.