जुना मंच, नवी मुले

प्रश्न : ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चे २००८-०९ मधील पर्व आमच्या घरात सगळ्यांनी एकत्र बसून पाहिले होते. पुढे २०२१ मध्ये त्याच पर्वातील पाच गायक परीक्षक म्हणून परतले, तेव्हा आनंद झाला, पण जुनी गोडी काही लागली नाही. असा गाजलेला कार्यक्रम पुन्हा आणायचाच झाला, तर त्यातले काय जपावे आणि काय टाकावे?

उत्तर : गोडी न लागण्याचा सगळा दोष कार्यक्रमाच्या माथी मारता येणार नाही. त्या पहिल्या पर्वातला मोठा आनंद अनोळखी गळा प्रथमच कानी पडण्याचा होता. आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि पुण्याची आर्या आंबेकर ही मुले महाराष्ट्राला त्या मंचावरच भेटली, आणि आठवड्यामागून आठवडे त्यांचे गाणे वाढताना आपण पाहिले. आज चांगले गाणाऱ्या मुलाच्या चित्रफिती निवडचाचणीच्या आधीच मोबाइलवर फिरत असतात. त्यामुळे ‘शोध’ या गोष्टीतली नवलाई ओसरली आहे आणि ती नावाने, शीर्षकसंगीताने किंवा झगमगाटाने परत आणता येत नाही.

मग मंचाकडे उरते काय? माझ्या मते, मोबाइल सहसा दाखवत नाही ते, म्हणजे तालीम. चित्रफितीत तयार गाणे दिसते; पण गाण्याची निवड, मुलाच्या गळ्याला मानवेल अशी पट्टी ठरवणे, एखादी हरकत दहा वेळा चुकणे आणि अकराव्या वेळी वाद्यवृंदासह जागेवर बसणे हे सगळे पडद्याआड राहते. नव्या पर्वाने भागाचा निम्मा वेळ या शिकवणीला दिला, तर त्याला स्वतःचे काही सांगता येईल. याच कारणाने पंचरत्नांना परत बोलावण्याची २०२१ची कल्पना मला मुळात योग्य वाटते, मात्र त्यांची जागा परीक्षकाच्या खुर्चीत नव्हती. लहानपणी ज्यांनी तो ताण स्वतः सोसला, त्यांचा खरा उपयोग गुण देण्यापेक्षा मुलांसोबत तालमीला बसण्यात झाला असता.

ऑस्ट्रेलियातला ‘यंग टॅलेंट टाइम’ हा कार्यक्रम या संदर्भात पाहण्याजोगा आहे. जॉनी यंग यांनी तो १९७१ पासून १९८८ पर्यंत चालवला. त्यात स्पर्धेचा भाग होता, तरी कार्यक्रमाचा कणा होता तो मुलांचा कायमचा संच. त्यातली मुले दर आठवड्याला एकत्र गात-नाचत, साधारण सोळाव्या वर्षी बाहेर पडत आणि त्यांची जागा धाकटी मुले घेत. टीना अरीना आणि डॅनी मिनोग या गायिका याच संचातून पुढे आल्या. २०१२ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला आणि एका पर्वातच आटोपला. जुन्या पिढीचा जिव्हाळा पहिल्या भागाला प्रेक्षक आणून देतो, पण विसाव्या भागापर्यंत त्यांना धरून ठेवणे त्याला जमत नाही. तरीही संचाची ती कल्पना आपल्याकडे उचलण्यासारखी आहे, कारण दर आठवड्याला एकाला घरी पाठवण्यासाठी मुलांना मंचावर आणण्याची काहीच गरज नाही. बाद झालेल्या मुलाच्या रडण्यावर रेंगाळणारा कॅमेरा आणि ‘आपल्या गावच्या मुलाला मत द्या’ अशी आवाहने, या दोन गोष्टी बिनदिक्कत टाकून द्याव्यात.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी अशाच एका कार्यक्रमाच्या निवडचाचणीत पुढे गेली आहे. पालक म्हणून आम्ही कोणत्या गोष्टींची खात्री करून घ्यावी?

उत्तर : बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये तिचे नियम आले. त्यांनुसार चौदा वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काळ चित्रीकरणही करता येत नाही. निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घेणे, शिक्षणात खंड पडू न देणे आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमणे बंधनकारक आहे. मुलीच्या मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून थेट जमा व्हावी लागते. परवानगीची प्रत आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक करारावर सही करण्यापूर्वीच लेखी मागून घ्या, आणि मानधन सुरू झाले की ठेवीच्या पावतीचाही पाठपुरावा करा. ‘नंतर देऊ’ असे उत्तर मिळाल्यास सही लांबवण्यात संकोच बाळगू नका.

गाण्याच्या निवडीवरही लक्ष असू द्या. मोठ्या गायिकांची तारसप्तकातली गाणी टाळ्या हमखास मिळवतात, पण कोवळ्या गळ्याला रोज ती ताणून गायला लावले तर आवाज बसतो. पट्टी खाली आणायला वाद्यवृंदाला फारसा वेळ लागत नाही, तेव्हा तसा आग्रह तिच्या गुरूंमार्फत धरा. कायद्यानुसार मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही, म्हणून तिला जायचे आहे का, हेही कार्यक्रमाची माणसे समोर नसताना एकदा विचारून पाहा.